कुलपाआडचा डब्बा

आमच्या शहरातली ती दंगल म्या एकट्यानं थंड केली. म्हंजे राखीव दलाच्या गाड्या आल्या, आन् म्या त्यांना 'हितं उभ्या करा' एवढंच सांगितलं. तरी ते प्रकरण अजून डोक्यातून जात नाय.

तवा मी जमादार. एका गल्लीत दोन्ही समाजाची घरं, रोज सांजच्याला दगडफेक. गाड्या उभ्या राहिल्या आन् दगड बंद, ते आठ दिवस बंदच. साहेबांनी पाठ थोपटली. मी लई फुगलो.

नवव्या दिवशी चहावाल्यानं खबर दिली, "जमादार, त्या कुलूपबंद घरात मागच्या खिडकीतून रोज डब्बा जातोय. पाठीमागचा शेजारी, घोंगडीवाला, देतो."

डब्बा म्हणल्यावर पोलिसाला एकच दिसतं. घोंगडीवाल्याला ठाण्यात आणलं.

"डब्ब्यात काय?"

"नाय सांगणार. शब्द दिलाय."

म्या टेबलावर हात आपटला. माझाच सुजला.

"हळद लावा, जमादार," तो म्हणला.

मग बॉम्बवाले बोलावले, कुत्रं आणलं. 'घरं खाली करा' म्हणून वरडलो. त्या घराच्या बाजूच्या सगळ्या ओळीत एक दार उघडलं नाय. मला वाटलं, भ्याले.

पंचांसमोर कुलूप तोडलं. आत एक म्हातारी, गल्लीची खाला म्हंजे मावशी, मांडीवर डब्बा. भाकर आन् बेसन. कुत्र्यानं शेपूट हलवलं.

तिचा लेक त्यांच्या बाकीच्या लोकांसंगं खुलताबादला निघून गेलेला. ही घर सोडंना, म्हणून घर रिकामं दिसावं असं बाहेरून कुलूप घालून, शेजाऱ्याच्या भरवशावर ठेवलेली. घोंगडीवाल्याला सोडून दिलं. माफी मागायला माझ्याकडं तोंड नव्हतं.

गाड्या फुकट आल्या असं मी म्हणणार नाय. पहिल्या दोन दिवसांत त्या नसत्या, तर मढी पडली असती. पण गाडी दगडाचा हात धरती. गेलेलं माणूस परत आणून ओट्यावर बसवत नाय. आता बायको गेली, पोरं पुण्याला. दिवसभर माझी बेल वाजत नाय, तवा ह्यातलं थोडं कळतं.

त्या दिवशी मात्र दारात उभं राहून, छाती काढून म्हणलो, "खाला, भिऊ नका. माझ्या बंदोबस्तात आठ दिवस एक दगड पडला नाय."

तिनं भाकर मोडली.

"मारेंगे किसकू रे? सब चले गए. बाजू हट, उजाला आने दे."