गिरडचा उतार आणि पॉवर ब्रेक

ब्रेक ऑइलचा उग्र वास आला की मला गिरडचा उतार आठवतो. आमच्या जुन्या पिकपला बाबांनी वर्ध्याला नुकतेच पॉवर ब्रेक बसवून घेतले होते. इतकी वर्षं ब्रेकवर जवळजवळ उभे राहणारे बाबा आता नुसता पाय टेकवून गाडी थांबवत आणि "मख्खन आहे, मख्खन!" म्हणत. त्याच खुशीत आई, बाबा आणि मी गिरडच्या टेकडीवरच्या दर्ग्याला गेलो. परतताना उतार लागला तशी बाबांनी गाडी न्यूट्रल करून चावी बंद केली. डिझेल वाचवायची ती आमच्या घरची रीतच होती. खिडकीतून वाळल्या गवताचा वास येत होता, आईच्या मांडीवर रेवड्यांची पुडी होती. पहिल्या वळणाला ब्रेक लागला, दुसऱ्याला अर्धामुर्धा, आणि मग पायाखाली जणू दगडच आला. "अबे, लागून काऊन नाई राह्यला हा?" बाबा दोन्ही पाय रोवून ओरडले. गाडी रस्ता सोडून मुरमाच्या ढिगात घुसली तेव्हा कुठे थांबली. बाबांनी चावी फिरवली, तर ब्रेक मऊ. बंद करून दाबत राहिले, तर पुन्हा दगड. इंजिन बंद झालं की ब्रेकची ताकदही जाते, हे आम्हाला कुठे ठाऊक होतं! ते चालू-बंद करत बसले आणि मी त्यांच्या पायाकडे बघत बसलो. आई पुडी घेऊन खाली उतरली आणि म्हणाली, "मी पायीच येतो, तुम्ही व्हा समोर." आता मी माझी गाडी चालवतो, तरी उतार लागला की हात चावीकडे जातोच; तो ती बंद करायला जातो, की बंद होऊ नये म्हणून धरून ठेवायला, ते मला अजून कळलेलं नाही.