अर्ध्या चेहऱ्याचा हिवाळा

त्या सकाळी चूळ भरली तर पाणी तोंडात राहीना. डाव्या कोपऱ्यातून ओघळून गाऊनवर सांडलं. पुन्हा भरली, पुन्हा तेच. नवरा ओट्यापाशी चहा गाळत होता. त्याला सांगायला वळले, तर त्याच्या हातातली गाळणी तशीच अधांतरी राहिली.

"तोंडाला काय झालं तुझ्या?"

मला काहीच दुखत नव्हतं. गालाला हात लावला, स्पर्श कळत होता, पण गाल माझं ऐकत नव्हता. डोळे मिटायला गेले तर उजवा मिटला, डावा टक्क उघडा. आमच्याकडे तोंड वाकडं झालं की मनात एकच शब्द येतो, लकवा. माझ्याही तोच आला. दवाखान्यात जाताना रिक्षाभर मी हातापायांची बोटं हलवून बघत होते.

डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घालायला लावल्या, गाल फुगवायला लावले, हातांत जोर आहे का पाहिलं. मग म्हणाले, "मेंदूचं काही नाही. चेहऱ्याची नस सुजलीय. गोळ्या देतो, व्यायाम करा, डोळा जपा. बहुतेकांचं पूर्ण बरं होतं."

"किती दिवसांत?" मी विचारलं. 'दिवसांत'मधला 'व' नीट उमटला नाही.

"काहींचं लवकर होतं, काहींना महिने लागतात. आत्ता सांगता येत नाही."

नवरा परतताना हलका झालेला दिसत होता. माझ्या डोक्यात मात्र 'बहुतेकांचं' हा शब्द अडकून बसला. बहुतेकांत न बसणारे जे कुणी असतात, त्यांचं काय होतं, हे विचारायचं राहूनच गेलं होतं.

जळगावात माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. निम्मं काम लहान मुलांचं. मागे पांढरा कागद, तोच खाली जमिनीवर उतरलेला, त्या कागदावर रोखलेले दोन दिवे आणि समोरून कापडी पेटीतला एक मोठा दिवा. सावली कुठेही राहू द्यायची नाही. याला आमच्या धंद्यात हाय-की म्हणतात. बाळ ढगात बसल्यासारखं दिसतं आणि आईबापांना तेच हवं असतं. याच्या उलट ते लो-की. मागे काळा पडदा, बाजूने एकच दिवा. चेहऱ्याचा थोडा भाग उजळतो, बाकीचा काळोखात जातो. असलं काम माझ्याकडे क्वचित यायचं. एखादा नाटकात काम करणारा कॉलेजचा मुलगा, एखादे निवृत्त प्राध्यापक.

हाय-कीत आणखी एक गोष्ट होते, ती फोटोत दिसत नाही. पांढऱ्यावरून उजेड सगळीकडे परततो आणि फोटो काढणारीही लख्ख उजळून निघते. बाळ कॅमेऱ्याकडे बघत नाही, ते माझ्या तोंडाकडे बघतं. मी हसले की हसतं, मी डोळे मोठे केले की डोळे मोठे करतं. इतकी वर्षं मी मुलांना हसवत होते ते खुळखुळ्याने नाही, तोंडाने.

नशिराबादच्या एका कुटुंबाचं काम आधीच ठरलेलं होतं. वाढदिवसासाठी बाळाचे फोटो. मी त्यांना फोनवर नाही म्हणू शकले नाही, कारण फोनवर आपल्याला काय झालंय ते सांगावं लागलं असतं. बाळ मजेत होतं, आजीच्या बांगड्या ओढत होतं. त्याला पांढऱ्यावर बसवलं, दिवे लावले आणि मी नेहमीसारखी समोर गुडघ्यांवर बसून हसले. म्हणजे उजवीकडून हसले. बाळ माझ्याकडे बघत राहिलं. मग त्याचा खालचा ओठ थरथरला आणि ते आईकडे हात पसरून किंचाळायला लागलं.

"झोप झाली नाही त्याची, ताई," त्याची आई माझ्याकडे न बघता म्हणाली.

पुन्हा प्रयत्न केला. या वेळी त्याने आईच्या खांद्यात तोंड खुपसलं ते वर काढलंच नाही. माणसं भली होती. पुन्हा येऊ म्हणाली, आजीने जाताना माझ्या पाठीवरून हात फिरवला. तो हात मला अजिबात सोसला नाही. ती गेल्यावर मी पांढरा कागद गुंडाळून भिंतीला उभा केला आणि काळा पडदा लावला.

त्यानंतर मी फक्त लो-की करत राहिले. मोठी माणसं, एक दिवा, बाकी अंधार. मी त्या अंधारात उभी. तोंडाला मास्क. अलीकडे मास्क का लावला म्हणून कुणी विचारत नाही, सर्दी असेल समजतात. डावा डोळा मिटता येत नव्हता, म्हणून कॅमेऱ्याला उजवा डोळा लावताना डाव्यावर कापसाची पट्टी लावायची. डाव्या कानाला आवाज फार मोठे लागायचे. फ्लॅशचा तो नेहमीचा 'टप्' कानशिलावर बसायचा. पण अंधारात कुणाला माझं काही दिसत नव्हतं, आणि तेवढंच मला पुरेसं होतं.

गंमत म्हणजे ते फोटो लोकांना आवडले. इन्स्टाग्रामवर टाकले तसे फोन यायला लागले. "तो काळा काळा फोटो काढता ना, तसा हवा." नवरा म्हणाला, "बघ, यातूनही चांगलंच निघालं." मी मान हलवली. त्याला कसं सांगणार की दिवसातून दहा वेळा मी बाथरूममध्ये जाऊन ओठ लांबवून बघते, आणि डावा कोपरा तिथेच असतो?

स्टुडिओत एकटी असले की तिपाईवर कॅमेरा लावून स्वतःचे फोटो काढायचे. समोरून सपाट उजेड टाकला की सगळं उघडं पडायचं. एक भुवई वर, एक खाली, ओठ उजवीकडे ओढलेले. तोच दिवा उजव्या बाजूला नेला की डावी बाजू काळोखात जायची आणि मी चांगली अखंड बाई दिसायचे. तसला एक फोटो धुळ्याला आईला पाठवला, कारण ती सारखी व्हिडिओ कॉल कर म्हणत होती आणि मी सारखी नेट नाही म्हणत होते. तिचा लगेच फोन आला.

"अर्धं तोंड कोठे गयं व माय?"

"तशी स्टाइल असते, आई."

"आसी कसी स्टाइल? उजेडमा बस ना जरा."

मी विषय बदलला. वांगी कशी मिळतात, भरीत केलं का, असं काहीतरी विचारलं. भरिताचे दिवस होते. शेजाऱ्यांनी शेतात भरीत पार्टीला बोलावलं होतं, मी गेले नाही. चारचौघांत बसून जेवायची हिंमत नव्हती. घास डाव्या गालात अडकून बसायचा आणि बोटाने काढावा लागायचा.

एके दुपारी भडगावकडचे एक आबा आपल्या मुलीला घेऊन आले. पांढरं धोतर, पायांत जाड चपला, आणि मुलगी विशीतली, निळ्या ड्रेसमध्ये, मोबाइलवर माझाच एक फोटो उघडून धरलेली. काळोखातून बाहेर येणारा एका बाईचा चेहरा. तिने त्याच्यावर बोट ठेवलं, मग स्वतःच्या छातीवर ठेवलं.

"तिला असाच पाहिजे," आबा म्हणाले. "घरच्यांनी काढलेले फोटो झाले, मोबाइलवरचे झाले, आता स्टुडिओतलाच पाहिजे म्हणे. तिला ऐकू येत नाही, ताई. पण तुमचं बोलणं समजेल."

मी तिला स्टुलावर बसवलं, दिवा बाजूला लावला आणि सवयीने खोलीतले बाकीचे दिवे बंद केले. ती ताठ झाली. मी म्हटलं, "हनुवटी थोडी खाली." ती तशीच. तिचे डोळे अंधारात मला शोधत होते, एकदा इकडे, एकदा तिकडे. फ्लॅश उडाला तशी ती दचकून उभीच राहिली आणि घशातून तिने एक आवाज काढला.

आबा दारातून आत आले. "ताई, दिवा लावा. तिला तुम्ही दिसत नाही. आणि तेवढं तोंडावरचं काढा. ती ओठ वाचते ना. ओठ दिसले नाहीत तर तिला समजणार कसं?"

फोटोचं कारण सांगावं असं क्षणभर मनात आलं. अंधार लागतोच, असं सांगितलं असतं तर आबांना ते पटलंही असतं. पण ते खरं नव्हतं. फ्लॅश एवढा जोरदार असतो की खोलीतला साधा दिवा चालू राहिला तरी फोटोत काळोखच येतो. दिवे मी फोटोसाठी बंद करत नव्हते.

मी बटण दाबलं. मास्क काढला. आबांनी पाहिलं आणि लगेच नजर खाली घातली. त्यांचा फोन वाजला, की वाजल्यासारखं त्यांनी केलं, कोण जाणे. ते बाहेर गेले. मुलीने मात्र नजर काढली नाही. ती माझ्या तोंडाकडे इतकं निरखून बघत होती की माझी मान आपोआप वळायला लागली.

"हनुवटी खाली," मी म्हटलं.

तिने कपाळाला आठ्या घातल्या आणि मान हलवली. समजलं नाही.

पुन्हा म्हटलं. पुन्हा नाही. इतके दिवस लोकांना माझं तोंड दिसू नये म्हणून धडपडत होते, आणि आता ते समोर धरलं होतं तर ते वाचताच येत नव्हतं. आबांना बोलवावं, पैसे परत करावेत, दार लावून घ्यावं, असं वाटलं.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी एक युक्ती सांगितली होती. प, ब, म म्हणताना ओठ जुळत नसतील तर बोटाने गाल वर उचलून धरायचा. घरी आरशासमोर करतानाही मला ते नको वाटायचं. मी कॅमेरा खाली ठेवला, दोन बोटांनी डावा गाल वर ढकलला आणि हळूहळू म्हटलं, "मान. थोडी. डावीकडे."

तिने मान डावीकडे वळवली.

"हनुवटी खाली."

हनुवटी खाली आली. आम्ही दोघी तशाच पुढे गेलो. एका हाताने गाल उचलायचा, सांगायचं, मग हात सोडून कॅमेरा घ्यायचा. एकदा घाईत मी गाल धरलेल्या हातानेच कॅमेरा घ्यायला गेले, डोळ्यावरचा कापूस उडाला आणि गाल भसकन खाली आला. ती हसली. खळाळून, सगळे दात दाखवून. मला राग यायला हवा होता. पण ती माझ्यापासून तोंड न फिरवता हसणारी त्या हिवाळ्यातली पहिली व्यक्ती होती. मी बटण दाबलं.

दिवे बंद करायच्या आधी ती उठून जवळ आली. स्वतःच्या गालाला बोट लावून तिने विचारलं. शब्द जड होता, पण कळला. "दुखतं?"

मी मानेने नाही म्हटलं.

तिने भुवया उंचावल्या. मग काय?

मी गाल वर धरला. "भीती वाटते."

तिने ते ओठांवरून वाचलं. मान डोलावली. त्यावर काही केलं नाही, धीर दिला नाही, हातही धरला नाही. बाहेर जाऊन आबांच्या शेजारी बसली आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो निवडायला लागली. तिने निवडला तो गंभीर होता, अर्धा चेहरा काळोखात गेलेला, जसा तिला हवा होता तसाच. हसरा आबांनी निवडला.

त्या आठवड्यात मी धुळ्याला गेले. एसटीत बसल्यावर पुन्हा मास्क लावला, उतरताना काढला. आईने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि तिचा हात तोंडाशी गेला. मग तिने मला आत ओढून खिडकीपाशी उजेडात बसवलं, हनुवटीला धरून तोंड इकडून तिकडून पाहिलं.

"इतला दिन मले सांगं नही?"

"तू घाबरली असतीस."

"आते काय मी हासी ऱ्हायनू?" ती रडत होती आणि चिडलीही होती. थोड्या वेळाने तिने डोळे पुसले. "घाबरू नको माय. बठ्ठं बरं व्हई जाई."

सगळं बरं होईल, हे तिला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. पण तिने खिचडी मऊ केली, शेजारी बसून स्वतःही तीच खाल्ली आणि गालात घास अडकला की मी बोट घालत होते तिकडे तिने पाहिलं नाही. मी तिथे पोटभर जेवले.

तोंड एकदम सरळ झालं नाही. आधी डावी नाकपुडी किंचित फुगली. मग एकदा भुवई हलल्याचा भास झाला, दुसऱ्या दिवशी तो भास नव्हता. उन्हाळा लागता लागता डोळा मिटायला लागला आणि चूळ भरली तर पाणी तोंडात राहायला लागलं. डॉक्टरांनी गाल फुगवायला लावला, तो फुगला. "छान," ते म्हणाले.

"पण हसले की डावा डोळा बारीक होतो," मी सांगितलं.

"नस परत वाढताना कधी कधी वाट चुकते. हे थोडं राहू शकतं."

राहिलं. फोटोत कुणाच्या लक्षात येत नाही, माझ्या येतं. गेल्या पावसाळ्यापासून मुलांचं काम पुन्हा सुरू केलं आहे. काही मुलं हसतात, काही रडतात, पूर्वीही तसंच होतं. आता एखादं रडलं की मी मात्र आधी स्वतःचा गाल चाचपून बघते.

आणि थंडीत स्कूटरवरून निघाले की कानांवरून ओढणी घट्ट बांधते. डॉक्टर म्हणाले, वाऱ्याचा आणि या आजाराचा तसा काही संबंध नाही. मी ऐकून घेतलं. ओढणी बांधतेच.