टाकीच्या टोपणाचं भोक

नीरेच्या काठी गाडी तिसऱ्यांदा बंद पडली, तेव्हा मी इंजिन फिरवायचं हँडल खाली टाकून मडगार्डला टेकलो. फाल्गुन सरत आला होता. खोऱ्यात शेतावर पालापाचोळा पसरून राब भाजत होते, पुढच्या भाताच्या रोपांसाठी. तो धूर नदीवर निळा तरंगत होता. रस्त्यावर पांगाऱ्याची फुलं पडलेली. इंजिन थांबलं की इतकं शांत वाटे, की आपण कुठं निघालोय तेच विसरावं.

पण विसरून चालणार नव्हतं. गाडीत चंद्रा होती. हिर्डोशीची सून, विसाच्या आतबाहेरची, नवरा जाऊन दोन वर्षं झालेली. अकरा वाजता भोरला तिची फायनलची परीक्षा होती. फायनल म्हणजे तेव्हाची सातवी. पास झालं की शाळेत मास्तरीण होता येई. सोबत सासरे धोंडीबा होते, मांडीवर भाकरीचं गाठोडं घेऊन.

मी भोरच्या एका शेठच्या प्रवासी नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीवर ड्रायव्हर आणि मेस्त्री, दोन्ही होतो. स्प्रिंगचा पाटा मोडल्यामुळे गाडी चार दिवस हिर्डोशीत मांडवाखाली उभी होती. आदल्या संध्याकाळी पाटा बसवला, आणि सकाळी हे दोघंच प्रवासी घेऊन निघालो.

"इस्माईल मेस्त्री, पोचू नव्हं?" धोंडीबांनी विचारलं.

"पोचू की."

बंद गाडीला दोन प्रश्न विचारायचे असतात. ठिणगी येते का? पेट्रोल येतं का? आधीच्या दोन्ही वेळी मी प्लग काढून पाहिला होता. ठिणगी चांगली निळी. मग टोपण उघडून टाकीत काडी बुडवली. टाकी अर्धी भरलेली. टोपण लावून हँडल मारलं, की गाडी चालू! मैल-दीड मैल जाई, आणि परत गप्प.

या खेपेला वाटलं, नळीत कचरा असणार. टाकी इंजिनाच्या वर होती. पेट्रोल आपल्या वजनानंच नळीतून कार्बोरेटरात उतरे आणि तिथं हवेत मिसळे. मी टाकीखालचा कॉक बंद करून नळी सोडवली.

चंद्रा खाली उतरली. पुस्तकात बोट तसंच होतं.

"मेस्त्री, त्ये टोपण..."

"बाई, तुमी पुस्तक बघा. हे माझं काम हाय."

ती मागं सरली. दगडावर बसून धुराकडे बघत राहिली. मी नळी फुंकली. स्वच्छ होती. टाकीकडचं टोक परत बसवलं, खालचं मोकळं ठेवून कॉक सोडला. चार थेंब पडले आणि थांबले. ऊन डोंगरावरून खाली सरकत होतं. मला क्षणभर वाटलं, गाडी, मी, नदी, सगळेच झोपेत आहोत.

"मामंजी," चंद्रा सासऱ्यांना म्हणाली, मला ऐकू जाईल अशा बेतानं, "राकेलच्या डब्याला आपण दोन भोकं पाडतो. एकच पाडलं तर राकेल पडत न्हाई, आत हवा जात न्हाई म्हणून. मेस्त्री टोपण उघडत्यात तवाच गाडी चालू व्हती."

मी टोपण फिरवलं. फुस्स आवाज झाला. दोनदा कानावर पडलेला हा आवाज मी सोडून दिला होता. टोपणाला हवेसाठी बारीक भोक असतं. ते चिखलानं बुजलं होतं. गाडी मांडवात उभी असताना कुंभारीण माशीनं त्या भोकात मातीचं घर बांधलं होतं.

करवंदीच्या काट्यानं भोक मोकळं केलं. नळीतून पेट्रोल असं आलं, की माझी बाही भिजली.

भोरला पोचलो तेव्हा घंटा होऊन गेली होती. परीक्षेच्या शाळेच्या दारात मास्तर उभे.

"उशीर झाला. नियम आहे."

धोंडीबांनी हात जोडले. मी काळे हात तसेच घेऊन पुढे झालो.

"साहेब, बाई येळेवर निघाल्या हुत्या. गाडीचा दोष त्या सांगत हुत्या, मी ऐकला न्हाई. उशीर माझा हाय."

मास्तरांनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे.

"आत बसा. वेळ वाढवून मिळणार नाही."

चंद्रा पास झाली. पुढं वेल्ह्याकडं पासलीच्या शाळेत तिला नोकरी लागली.

मी नंतर बऱ्याच जणांना काम शिकवलं. त्यांना सांगायचो, दोन नाही, तीन प्रश्न विचारा, तिसरा हवेचा. आणि प्रवासी काही सांगायला आला, तर पाना खाली ठेवा. बहुतेक वेळा तो चुकीचंच सांगतो. पण ऐकायला मिनिट लागतं; न ऐकता माझा पाऊण तास गेला होता.