पंप पेटला, असं मला वाटलं

आमच्या घराला आग लागली नव्हती, ही गोष्ट आमच्या रस्त्यावर सगळ्यांत शेवटी मला कळली.

माझ्याआधी ती शेजारच्या पॅटला कळली, अग्निशमन दलाच्या चौघांना कळली, समोरच्यांच्या मांजरालाही कळली असावी, कारण ते भिंतीवरून हललंसुद्धा नाही. आणि आग लागली म्हणून फोन कुणी केला होता? मीच!

पण आधी हीट पंपाचं सांगतो. नॉटिंगहॅममधलं आमचं घर जुनं आणि त्यातला गॅसचा बॉयलर त्याहून जुना. तो काढून मी एअर सोर्स हीट पंप बसवला. म्हणजे मागच्या अंगणात पंखा असलेली एक मोठी पेटी. ती बाहेरच्या थंड हवेतूनही ऊब ओढून घेते, त्यावर पाणी तापतं आणि खोल्या गरम ठेवणारे रेडिएटर चालतात. आमच्या रस्त्यावरचा पहिलाच पंप! त्यामुळे मी त्याच्याबद्दल बोलायचा थांबेना. शेवटी माझी बायको मानसी म्हणाली, "निखिल, तू तो बसवून घेतलायस. शोधून काढलेला नाहीस."

त्याच सुमाराला माझे सासरे, अण्णा, सांगलीहून तीन महिन्यांसाठी आले. मला हक्काचा श्रोता मिळाला.

"अण्णा, अगदी सोप्या भाषेत सांगतो. तुमच्या फ्रिजची मागची बाजू गरम लागते ना?"

"हं."

"तर ह्याच्यातही तसाच एक कॉम्प्रेसर असतो."

"असं?"

"तो आतला वायू दाबतो. दाबला की वायू तापतो."

"बरं बरं."

अर्धा तास मी कागदावर बाण काढत होतो. अण्णा मान डोलावत होते. त्यांचा चहा निवला, पण त्यांनी मला मध्ये तोडलं नाही. आपण किती छान समजावतो, असं वाटून मी खूश!

आता मला कुणी समजावलं होतं, तेही सांगायला हवं. पंप बसवणारा डेव्हिड शेवटच्या दिवशी तासभर सगळं दाखवत होता. कुठलं बटण कशाचं, थंडीत काय होईल, घाबरायचं कधी आणि घाबरायचं नाही कधी. मी त्या वेळी पंपाचे फोटो काढून मित्रांना पाठवत होतो. "एनी क्वेश्चन्स?" डेव्हिडनं विचारलं. "नो, नो! ऑल क्लिअर!" म्हणत मी सही ठोकली. त्यानं प्लॅस्टिकमध्ये सीलबंद अशी जाडजूड फाइल दिली, ती मी कपाटात ठेवली. (मी पोटापाण्यासाठी काय करतो? सॉफ्टवेअरची मॅन्युअल्स लिहितो. लोक ती वाचत नाहीत म्हणून ऑफिसात रोज चिडचिड करतो.)

मग जानेवारीतला तो शनिवार उजाडला. बाहेर गवत पांढरंफटक, हवेत दाट धुकं. मानसी हॉस्पिटलमध्ये ड्यूटीवर होती. आमची अकरा वर्षांची इरा दुधात सीरियल घालून खात होती. अण्णा कानातलं यंत्र काढून ठेवून वर अंघोळीला गेले होते. मी चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीतून माझ्या पंपाकडे कौतुकानं बघत होतो.

आणि पंखा थांबला.

मी कप खाली ठेवला. पेटीतून खर्रर्र असा आवाज आला. खालून पाणी गळायला लागलं. आणि बघता बघता पेटीच्या पाठीतून पांढरा लोट उसळला! कुंपण दिसेना, शेड दिसेना, पॅटचं सफरचंदाचं झाड दिसेना!

"धूर!" मी ओरडलो. "इरा, आग! बाहेर पळ!"

"पण बाबा, अलार्म वाजला नाही."

"अलार्मही जळला असेल!" (हे वाक्य माझंच आहे. नाकारण्यात अर्थ नाही, इराला ते तोंडपाठ आहे.)

मी एका हातानं फोन लावला, दुसऱ्या हातानं कपाट उघडलं आणि जे वाचवायला हवं ते उचललं. इराला पुढे ढकलत रस्त्यावर आलो. मग लक्षात आलं, पॅट! तिची आणि आमची भिंत एकच! मी तिचं दार बडवलं. ऐंशी उलटलेली ती बाई ड्रेसिंग गाऊनमध्ये, हातात लोणी लावायची सुरी घेऊन आली.

"फायर, पॅट! माय हीट पंप इज ऑन फायर!"

"आर यू शुअर, डक?" (इथे सगळ्यांनाच प्रेमानं डक म्हणतात. त्या दिवशीची माझी फडफड बघता मला ते जास्तच लागू होतं.)

"शंभर टक्के!" असं इंग्रजीत सांगून मी तिला घरातल्या चपलांवरच त्या गारठ्यात ओढलं. तोवर अर्धा रस्ता दारात आला होता. मी सगळ्यांना "मागे व्हा, मागे व्हा" करत होतो. खरं सांगायचं तर आतून मला थोडं शूर वाटत होतं.

लाल गाडी आली. त्यांची प्रमुख एक तरुण बाई होती. तिनं पहिलाच प्रश्न विचारला, "सगळे बाहेर आलेत?"

"सगळे!" मी छाती काढून म्हणालो.

इरानं माझी बाही ओढली आणि आपल्या नॉटिंगहॅमी मराठीत म्हणाली, "बाबा, आजोबा कुठे आहे? तो वर अंघोळ करते."

मी तसाच दाराकडे धावलो, पण एका आडदांड माणसानं मला कमरेला धरून मागे घेतलं. दोघे मास्क चढवायला लागले. आणि तेवढ्यात वरची बाथरूमची खिडकी उघडली. टॉवेल गुंडाळलेलं डोकं बाहेर आलं.

"निखिलराव, काय झालं हो? एवढी माणसं कशाला?"

"अण्णा, आग! पंप पेटला! खाली या!"

अण्णांनी कानामागे हात धरला. मी तीनदा ओरडलो. (शेवटी पॅटही माझ्याबरोबर "पंप! पंप!" ओरडली.) डोकं आत गेलं. ते मागच्या खोलीत जाऊन बघून आले असावेत, कारण परत आलं तेव्हा त्यावर चष्मा होता.

"अहो, वाफ आहे ती! कॉइलवर बर्फ धरला की पंप स्वतःच तो वितळवतो. डिफ्रॉस्ट! चालायचंच!"

डिफ्रॉस्ट हा शब्द रस्त्यावर सगळ्यांनाच कळला. प्रमुख बाई मागे जाऊन बघून आल्या. लोट विरला होता, पंखा पुन्हा गरगर फिरत होता. मग त्यांची नजर माझ्या काखेत गेली. आगीतून मी वाचवून आणलेली एकमेव वस्तू तिथे होती: हीट पंपाची फाइल. वॉरंटी असते ना त्यात!

"मे आय?" म्हणून त्यांनी ती घेतली आणि सगळ्यांसमोर तिचं सील फोडलं. चौथ्याच पानावर चित्र होतं. पेटी, तिच्यावर पांढरा ढग, आणि शेजारी एक माणूस. चित्रातला माणूस हसत होता.

बाई मात्र हसल्या नाहीत. "शंका आली तर फोन करावा, ते बरोबरच," म्हणाल्या. मग हळू आवाजात, "पण घरात कोण कोण आहे, ते आधी मोजा." त्या रागावल्या असत्या तर परवडलं असतं.

अण्णा स्वेटर, माकडटोपी घालून खाली आले. मी विचारलं, "तुम्हाला हे डिफ्रॉस्ट वगैरे कसं माहीत?"

"दूध डेअरीत होतो ना. तीस वर्षं कोल्ड स्टोरेजच बघत होतो."

बारा वर्षं मी ह्या माणसाचा जावई आहे. डेअरीत होते एवढं मला ठाऊक होतं. तिथे काय करत होते, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. आणि त्यांना मी कॉम्प्रेसर समजावला होता. बाण काढून!

दुपारी मानसी आली. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"फाइल आणलीस," ती म्हणाली.

"हो."

"अण्णांना नाही."

मी भांडी घासली. स्वच्छ होती तीही घासली.

पॅटकडे फुलं घेऊन माफी मागून आलो, तर वरच्या खोलीतून अण्णांचा आवाज येत होता. सांगलीला धाकट्या भावाशी बोलत होते. "छे रे, जावयांनी आधी मलाच हाका मारल्या. मीच म्हटलं, तुम्ही पोरीला घेऊन पुढे व्हा."

मी जिन्यातच थांबलो. कान तापले. माझ्यासाठी ते धडधडीत खोटं बोलत होते! फोन संपल्यावर आत गेलो.

"अण्णा, फार चुकलो मी. तुम्हाला विसरलो."

"बसा, निखिलराव. घाबरलं की होतं असं. फक्त एक करा."

मॅन्युअल वाचा म्हणतील, असं मला वाटलं.

"कधी खरीच आग लागली, तर तुम्ही काही करू नका. मला नुसती हाक मारा. थोडं जोरात मारा. मी येतो आणि तुम्हाला बाहेर काढतो."

मी कबूल केलं. मानसीनं ते मान्य केलं, इरानंही केलं. तेव्हा आमच्या घरात आग लागली तर आधी कुणाला वाचवायचं, हे आता सर्वानुमते ठरलेलं आहे: मला!