लांब्याच्या तोंडचा आवाज

नाव: ज्या नावाने लोक हाक मारतात ते, म्हणजे बदक. वय सत्तावन्न. बांधा ठेंगणा. व्यवसाय: दूरचित्रवाणीवरील विनोदी अभिनय व ध्वनिदान. उक्त इसमाने कार्टूनमधील एका बदकास सलग एकोणीस वर्षे आवाज दिला असून, सबब तो सर्व वयोगटांत सुपरिचित आहे. त्याची भाजीवाली त्याला ओळखत नाही.

लांब्याला मात्र ती ओळखते, आणि दुखणं तिथेच होतं. दोघांची जोडी एकेकाळी एकाच विनोदी मालिकेत होती. लांब्या घरमालक, हा भाडेकरू. जिन्यावरून गडगडत पडायचा हा, आणि कॅमेरा टिपायचा वर उभ्या लांब्याच्या भुवया. मालिका संपली. भुवयांना सिनेमे मिळाले. पडणाऱ्याला बदक मिळालं.

तेव्हापासून लांब्याची मुलाखत लागली की बदक टीव्हीचा आवाज बंद करायचा आणि स्वतःच लांब्याच्या आवाजात उत्तरं द्यायचा. तोच घोगरेपणा, तेच शब्द चावणं, वाक्याच्या शेवटी नाकातून तेच हसू. बायको म्हणायची, "अहो, माझ्याकडे कधी इतकं निरखून पाहिलंत का?"

"तुझी नक्कल करायची तर आधी तू बोलायची थांबायला हवीस."

मग लांब्याच्या घशाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी दोन महिने ब्रसुद्धा काढायला मनाई केली. त्या दिवशी बदक दोन घास जास्त जेवला. चौथ्या दिवशी ध्वनिमुद्रण करणाऱ्या मुलीचा फोन आला.

"काका, लांब्यासरांच्या सिनेमातला एकच प्रसंग डब व्हायचा राहिलाय. बाप मुलीची माफी मागतो तो. शूटिंगच्या वेळचा आवाज पंख्याच्या घरघरीत गेला. सरांचा आवाज तुमच्याइतका कोणाला जमणार? नाव मात्र येणार नाही हं."

बदक लगेच हो म्हणाला, कारण मनात पाप होतं. जरा सपाट बोलायचं. कोणाला बोट ठेवता येणार नाही इतपतच. प्रसंग पडला की लांब्या पडलाच. एकदा त्यानेही पडून बघावं.

काचेच्या खोलीत कानांना हेडफोन लावून तो उभा राहिला. समोर पडद्यावर लांब्याचं मुकं तोंड. बदक ठरल्याप्रमाणे सपाट बोलला. ओठ जुळले.

"वा काका! अगदी हुबेहूब!"

बदकाच्या अंगाचा तिळपापड झाला. हे हुबेहूब? म्हणजे हा माणूस असाच सुमार बोलतो हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तरी सिनेमे यालाच! "माफ कर" म्हणायच्या आधी पडद्यावर लांब्याने तोंड उघडून नुसतंच मिटलं होतं. बहुधा वाक्य विसरला असावा.

"परत लाव," बदक म्हणाला. "बोलतात कसं ते दाखवतो याला."

त्या रिकाम्या जागेत त्याने एक श्वास आत ओढला आणि सोडलाच नाही. शब्द कसेबसे त्याच्या कडेने बाहेर आले. असं तो अकरा वेळा बोलला. अकराव्यांदा काचेपलीकडून हुबेहूब वगैरे काही ऐकू आलं नाही. मुलगी नाक पुसत होती.

आठवड्याने लांब्या स्वतः ऐकायला आला. गळ्याला मफलर, हातात पाटी. प्रसंग त्याने दोनदा ऐकला, मग पाटीवर लिहून बदकासमोर धरलं: 'हे मला जमलं नसतं.'

या एका वाक्यासाठी बदक वीस वर्षं जळत होता. "अगं ए, इकडे ये, हे वाच!" त्याने मुलीला हाक मारली. ती आत येईपर्यंत लांब्याने तळहाताने पाटी पुसली होती.

सिनेमा चालला. त्या प्रसंगासाठी लांब्याला मोठा पुरस्कार मिळाला. बदकाने या वेळी टीव्हीचा आवाज वाढवून भाषण शेवटपर्यंत ऐकलं. आभारांत डॉक्टर होते, परिचारिका होत्या, मफलर विणणारी बहीण होती.

त्यानंतर लांब्या तो श्वास जिथे तिथे घेऊ लागला, टूथपेस्टच्या जाहिरातीतसुद्धा.

पुढच्या वर्षी बदकाला एका मालिकेत आजोबांचं काम मिळालं. पहिल्याच प्रसंगात त्याने श्वास आत ओढला आणि धरून ठेवला. दिग्दर्शकाने हात वर करून चित्रीकरण थांबवलं.

"काका," तो म्हणाला, "लांब्यासरांची नक्कल नको."