अडीच जीबीचा माल

जगातली कुठलीही गोष्ट तळहातावर तोलून तिची लायकी सांगणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो आमच्या समोरच्याच घरात राहतो. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणते. घरामागच्या शेडमध्ये त्यांचे टॉवेलचे आठ यंत्रमाग होते. चांगला टॉवेल जड असतो, हा धंद्यातला साधा नियम अण्णांनी सगळ्या सृष्टीला लावून टाकला होता. लग्नाची पत्रिका आली की मजकूर न वाचता आधी ती हातावर तोलायचे आणि ‘पोरगी चांगल्या घरात चाललीय’ असा निकाल द्यायचे. एकदा त्यांचा सत्कार झाला. अध्यक्षांनी खांद्यावर शाल घातली, तर अण्णांनी भर व्यासपीठावर तिची कड चिमटीत धरली आणि माइक चालू असताना शांतपणे म्हणाले, “दोनशे ग्रॅम बी न्हाय.” टाळ्या मात्र भरपूर पडल्या.

त्यांची दुसरी परीक्षा पाण्याची. टॉवेल बादलीत टाकायचा आणि तो बुडेपर्यंत मोजायचं. आमच्याशी अण्णा मराठीत बोलतात, पण मोजणी नेहमी घरच्या तेलुगूत, ओकटी, रेंडू, मूडू अशी. पाचाच्या आत बुडाला तर तो माल, नाहीतर पायपुसणं. पाहुण्यांच्या घरी आंघोळीला गेले तरी आधी यजमानांच्या नव्याकोऱ्या टॉवेलची ही परीक्षा व्हायची, आणि मग अंग पुसायला कोरडं काहीच उरायचं नाही.

अशा माणसाला धंद्याच्या वेबसाइटवर व्हिडिओ चढवायचा होता, आणि मी शाळेत कॉम्प्युटर शिकवतो एवढ्या भांडवलावर ते काम माझ्या गळ्यात पडलं. प्रकरण गंभीर होतं. आठांपैकी पाच माग ऑर्डरींअभावी बंद पडले होते आणि भंगारवाला येऊन उरलेले तीनही बघून गेला होता. तेवढ्यात हॉटेलांसाठी खरेदी करणाऱ्या बंगळुरूच्या एका गृहस्थांचा फोन आला. ते गुरुवारी रेल्वेनं सोलापूरवरून मुंबईला जाणार होते. वाटेत साइटवर तुमचा कारखाना बघतो, पसंत पडला तर सोलापूरला उतरतो, नाहीतर तसाच पुढं जातो, असं म्हणाले. अण्णांनी त्या दिवशी आठही माग चालू केले आणि शूटिंगला माणूस बोलावला. तो लग्नांची शूटिंग करणारा. त्यामुळे मागांवर मधूनमधून गुलाबाच्या पाकळ्या पडत होत्या, आणि अण्णांना त्या फार आवडल्या.

पेनड्राइव्ह घेऊन ते माझ्याकडे आले तेव्हा तो तळहातावर होताच. “एवढंसं?” म्हणाले. मी सांगितलं, आत अडीच जीबी आहे. तसे ते खुलले. “मग जड हाय की.”

एवढा जड व्हिडिओ साइटवर चालणार नाही, कुठल्याही फोनवर चटकन उघडेल अशा एमपीफोरमध्ये तो बदलून हलका करावा लागेल, हे मी त्यांना तीन दिवस सांगत होतो. पहिला फुकटचा कन्व्हर्टर लावला, तर त्यानं चित्राच्या मधोमध स्वतःच्या कंपनीचं नाव छापलं. अण्णा खुर्चीतून उठलेच. “माज्या टॉवेलच्या काठावर दुसऱ्याचं नाव?” तो गेला. दुसरा म्हणाला, व्हिडिओ आधी आमच्याकडे पाठवा. “माल आपला आन् गोडाऊन त्येंचं? न्हाय जमायचं.” तोही गेला. तिसऱ्यानं माझ्याच कॉम्प्युटरवर निमूटपणे काम केलं. साइट उघडताच आपोआप सुरू होणारा व्हिडिओ मुकाच लागतो, म्हणून मी आवाजही काढून टाकला. व्हिडिओ अठरा एमबीचा झाला. मला इतका आनंद झाला की मी टाळीसाठी हात पुढं केला, पण अण्णांचा आलाच नाही.

“सर,” ते म्हणाले, “अडीच जीबीचं अठरा एमबी झालं. मग उरलेलं सूत गेलं कुटं?”

शेवटी मीच म्हटलं, तुमचीच परीक्षा लावू. साहेब साइट बघणार ती सोलापूरच्या अलीकडच्या होटगी स्टेशनच्या आसपास, तर आपणही तिथंच जाऊन बघू. बुधवारी दुपारी आम्ही स्कूटरवरून होटगीला गेलो. रुळांच्या कडेला, मोबाइलला जेमतेम एक काडी येत होती अशा जागी, आधी जड व्हिडिओ लावला. अण्णांनी मोजायला सुरुवात केली. पडद्यावरचं चाक नुसतं फिरत राहिलं. ऐंशीपर्यंत मोजलं, घसा खाकरला, पुन्हा मोजलं. मालगाडी आली आणि गेली, चाक फिरतच होतं. मग हलका लावला. ओकटी, रेंडू, आणि मूडू म्हणायच्या आत माग चालायला लागले. अण्णांनी फोन तळहातावर तोलला. मग म्हणाले, “हलका हाय. पन पानी पितोय.” माझ्या नोकरीत एवढं मोठं प्रशस्तिपत्र मला कोणी दिलेलं नाही.

गुरुवारी आम्ही गाडीच्या आधी तासभर फलाटावर उभे. अण्णांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि काखेत टॉवेलचा गठ्ठा होता. गाडी आली, लोक चढले, चहावाले ओरडून दमले, आमचे साहेब काही दिसेनात. सिग्नल पडला. तेवढ्यात पार शेवटच्या डब्यातून एक गृहस्थ बॅग सावरत उतरले आणि आमच्यासमोर येऊन पहिला प्रश्न विचारला, “वो लूम पे फूल क्यों गिर रहे थे?” अण्णा म्हणाले, “शुभ काम है ना साहब.” मला त्यांना मिठी मारावीशी वाटत होती. संध्याकाळपर्यंत ऑर्डर पक्की झाली.

आठही माग पुढं चार वर्षं चालले. मग सुताच्या धुळीनं अण्णांना दमा जडला, डॉक्टरांनी शेडमध्ये पाऊल टाकायची बंदी केली आणि गेल्या महिन्यात माग विकले गेले. ट्रक गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा माझ्याकडे आले. “सर, तो अडीच जीबीवाला लावा की. आवाजवाला. शूटिंगवाल्याकडं न्हाय ऱ्हायला, माजा पेनड्राइव्ह बी गेला.”

तो मी केव्हाच पुसून टाकला होता. कॉम्प्युटरमध्ये जागा होत नव्हती, काम तर झालं होतं. मला फार शरम वाटली, पण खोटं बोलवेना, सांगून टाकलं. अण्णांनी फक्त मान हलवली. मग मी हलकाच लावला. ते खुर्ची ओढून पडद्याजवळ बसले. आठ माग मुक्यानं चालत होते. शेवटाकडे त्यांनी मान किंचित तिरकी केली.

“चार नंबरचा जरा मागं पडतोय,” ते म्हणाले. “ऐकू येतंय न्हवं?”

“येतंय की, अण्णा,” मी म्हटलं.