लिंबाच्या झाडाखाली आणलेला चहा

मेलबर्नच्या विमानतळावर माझा कढीपत्ता गेला. फॉर्मवर खरं लिहिलं होतं म्हणून दंड झाला नाही, पण तपासणाऱ्या बाईंनी पुडी कचऱ्यात टाकली. न्यायला आलेला माझा मुलगा प्रसाद म्हणाला, "आई, इथे सगळं मिळतं." मिळतं. पान मोठं, वास कमी.

तो पॉइंट कुकला राहतो. समुद्र जवळ, घरं एका साच्यातली, वारा भयंकर. पहिल्याच दिवशी वाळत घातलेलं माझं पातळ कुंपणापलीकडे गेलं. शेजाऱ्यांनी ते नीट घडी करून आणून दिलं. त्यांचं नाव अबू सालेम (सालेमचा बाप, त्यांच्यात थोरल्या मुलावरून हाक मारतात). इराकी, सत्तरीचे. मी अरबीत आभार मानले तेव्हा ते दचकले.

माझी अरबी स्वयंपाकघरातली आहे. चौथीला शाळा सुटली. नवरा गेल्यावर आखातात अकरा वर्षं स्वयंपाक केला, आधी एका इंग्रज राजदूताकडे, मग एका अमेरिकन राजदूताकडे. तिथली रीत अशी की मागणं घेऊन आलेला पाहुणा गहवा (वेलचीची कडू कॉफी) समोर ठेवतो, पीत नाही. यजमान "इश्रब" (प्या) म्हणाला की मागणं मान्य. इंग्रज साहेबाला हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून तो कॉफी यायच्या आधीच पाहुण्याला बाग दाखवायला न्यायचा. अमेरिकन साहेब लगेच "नक्की, प्या" म्हणायचा. पाहुणा पिऊन जायचा, आणि दोन महिन्यांनी तेच मागणं घेऊन परत यायचा. दोघांकडचे कप मीच विसळले.

एका रविवारी प्रसादने मला आणि अबू सालेमना गाडीने एका लहान गावी नेलं. तिथल्या बागेत घोडेस्वार सैनिकाचा पुतळा होता. अबू सालेमनी सांगितलं की पहिल्या महायुद्धात इथले स्वार इंग्रजांच्या बाजूने तुर्कांशी लढायला अरबांच्या मुलखात गेले होते. इंग्रजांनी अरबांना पत्रं लिहून राज्य कबूल केलं, आणि त्याच सुमाराला फ्रेंचांबरोबर नकाशावर मुलूख वाटून घेतला.

"पत्रं अजून आहेत," ते म्हणाले. "जपून ठेवली आहेत."

मग आम्ही भाजीचा पाय (भट्टीत भाजलेली मोठी करंजी म्हणा) खाल्ला. मीठ नव्हतं.

परतताना गाडीत त्यांनी भावाचं सांगितलं. तो अमेरिकन अधिकाऱ्यांचा दुभाषा होता. तुला घेऊन जाऊ, असं त्यांनी त्याला सांगितलं होतं. ते गेले, तो राहिला, आणि आता तिकडेच घरं बदलत लपून राहतो. इथे यायच्या त्याच्या अर्जाला एका नागरिकाचं पत्र हवं होतं, की आल्यावर मी मदत करीन. अबू सालेम अजून नागरिक नव्हते, प्रसाद आहे. तो गाडी चालवत राहिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अबू सालेम आले. चहाचा कप त्यांनी स्टुलावर ठेवला, हात लावला नाही. प्रसाद म्हणाला, गार झाला असेल, दुसरा आण. दुसराही तसाच राहिला. ते गेल्यावर मी त्याला रीत समजावली. तो म्हणाला, सरकारी कागदात नाव अडकतं, उद्या नोकरीत कोणी विचारलं तर?

दोन दिवसांनी ते पुन्हा आले. मी आधण ठेवायच्या आत प्रसाद उठला. "चला अंकल, लिंबाचं झाड दाखवतो."

मी चहा केला आणि ट्रे झाडापाशी नेला. अबू सालेमनी कप कुंपणावर ठेवला.

"हो म्हण, नाही तर नाही म्हण," मी प्रसादला म्हटलं. "माणसाला झाड दाखवू नकोस."

तो लाल झाला. "देतो पत्र. नो वरीज, अंकल. प्या."

ते उभ्या उभ्या सगळा चहा प्यायले.

तीन आठवड्यांनी मी निघाले. विमानतळावर प्रसादने कॉफी आणली. पत्राचं विचारलं तर म्हणाला, "वीकेंडला नक्की."

मी कप टेबलावर ठेवला.

"पी ना, आई."

"ठेवलाय."

तो कपाकडे बघत राहिला. मग फोन काढला. माझ्या विमानाची घोषणा झाली तरी मी उठले नाही. त्याने पत्र लिहिलं, मला वाचून दाखवलं, अबू सालेमना पाठवलं. कॉफी गार झाली होती. मी प्यायले.

आता गावी आहे. भावाचं काही कळलेलं नाही. लोक विचारतात, तिकडे काय पाहिलं? वारा, समुद्र, एक पुतळा. अकरा वर्षं दुसऱ्यांनी ठेवलेले कप मुकाट उचलले होते. तिकडे एक मी ठेवला.